आपटणाऱ्याचं नाव

चाचा मागच्या जिन्यानं उतरले की घरमालक असायचे आणि पुढच्या दारानं आत आले की गिऱ्हाईक. या दोन माणसांची एकमेकांशी ओळख नव्हती.

मी तेव्हा लातूरला एका कुरिअर कंपनीच्या शाखेत होतो. शाखा म्हणजे एक शटर, एक काउंटर, एक वजनकाटा आणि मी. गाव माझं औशाकडं. सकाळच्या एसटीनं यायचो, संध्याकाळच्या एसटीनं जायचो. शाखेची जागा चाचांची, आणि वरच्या मजल्यावर चाचा आणि चाची राहायचे. घरमालक म्हणून चाचा खाली आले तर मला ‘बेटा’ म्हणायचे, चाचींनी दिलेला चहा पुढं करायचे आणि पंख्याचा आवाज का येतो ते स्टुलावर चढून बघायचे. गिऱ्हाईक म्हणून आले तर रस्त्यावरून वळसा घालून पुढच्या दारानं यायचे, चपला बाहेर काढायचे आणि मला ‘साहेब’ म्हणायचे. एकदा ते पार्सल घेऊन रांगेत उभे होते. मी म्हणालो, चाचा, चहा सांगू का? त्यांनी माझ्याकडं अनोळखी नजरेनं बघितलं आणि म्हणाले, “साहेब, रांगेत लोक हायत.”

त्यांचा धंदा काटे दुरुस्तीचा. बाप तेच करायचा, आजाही तेच. आडत बाजारातले तराजू, डाळमिलचे मोठे काटे, किराणा दुकानातले छोटे. सरकारी परवाना होता. खिशात कायम एक पितळी वजन असायचं, पन्नास ग्रॅमचं, घासून घासून सोन्यासारखं झालेलं. भाजी घ्यायला गेले तर आधी ते वजन पारड्यात टाकायचे, मग मेथी बघायचे. त्यामुळं भाजीवाल्या बाया त्यांना लांबूनच सांगायच्या, चाचा, आज मेथी नाही. लग्नात जेवायला गेले तर आचाऱ्याचा काटा तपासून यायचे. कुणी रागावलं तर म्हणायचे, “काटा खोटं बोलत न्हाई. काट्यापाशी उभा ऱ्हायलेला बोलतो.” हे वाक्य ते इतक्या वेळा बोलायचे, की मला त्याचा अर्थ लागायचाच बंद झाला होता.

दुर्बिणीचा नाद त्यांना काही हौसेनं लागला नव्हता. औशाच्या एका शाळेत जुनी दुर्बीण होती, तिचं तिकाटणं मोडलं होतं. ते दुरुस्त करायला मुख्याध्यापकांनी चाचांना बोलावलं. स्टँड झाल्यावर चाचांनी सहज डोळा लावला. समोर चंद्र होता, पण दही घुसळल्यासारखा दिसत होता. चाचांनी विचारलं, हा असाच हाय का? मुख्याध्यापक म्हणाले, नाही, दुर्बिणीतला आरसा खराब आहे, पण पोरांना काय कळतंय. चाचा तीन दिवस बेचैन होते म्हणे. एखादं यंत्र लोकांना चुकीचं दाखवतंय आणि ते तसंच चालू द्यायचं, हे त्यांना सहन होण्यातलं नव्हतं. त्यांनी ठरवलं की बरोबर दाखवणारी एक दुर्बीण आपणच करून शाळेला द्यायची.

यात एक अडचण होती. चाचा रात्री नऊला झोपायचे. रात्र झोपायला दिली हाय, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. मी विचारलं, मग तारे कधी बघणार? ते म्हणाले, चंद्र संध्याकाळी निघतो, शुक्रही संध्याकाळी निघतो, एवढ्यावर शाळेचं भागतं. जे रात्री उशिरा उगवतात त्यांची त्यांना गरज वाटत नव्हती.

आरसा त्यांनी हातानं घासला. वर गच्चीवर एक लोखंडी पिंप होतं. त्यात दगड भरून ते जड केलेलं. पिंपावर काचेची एक जाड चकती बसवलेली आणि तिच्यावर दुसरी. मधे कुरुंदाची पूड आणि पाणी. वरची चकती दोन्ही हातांनी पुढं-मागं सारायची आणि सारता सारता पिंपाभोवती एक एक पाऊल चालायचं. असं केलं की वरच्या काचेला हळूहळू खोलगटपणा येतो. हा खोलगटपणा केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही चुकून चालत नाही. चाचा बाजारातून आले की दुपारी दोन ते चार पिंपाभोवती फिरायचे. मला खाली छतातून आवाज यायचा, खर्र-खर्र, मग पाऊल, मग खर्र-खर्र. वर्षभर यायचा. चाची म्हणायच्या, बैल घाण्याला फिरतो त्याचं तेल तरी निघतं.

घासून, पॉलिश करून, ब्लेडच्या धारेवर उजेड धरून तपासून आरसा तयार झाला. आता त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवायचा होता. ते काम पुण्याकडच्या एका कारखान्यात होत होतं. चाचा स्वतः घेऊन जाणार होते, आरसा मांडीवर ठेवून, एसटीनं. मीच म्हणालो, चाचा, एवढा त्रास कशाला, आपलंच ऑफिस आहे की.

ते वर गेले. थोड्या वेळानं पुढच्या दारानं आले आणि विचारलं, “साहेब, काच नीट जाईल का?”

मी म्हणालो, “माझी जबाबदारी.”

त्यांनी स्वतः लाकडी खोकं केलं. आतून नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, जाड थर, सहाही बाजूंना ‘काच’ असं मराठीत, हिंदीत, उर्दूत आणि इंग्रजीत लिहिलेलं. मी म्हणालो, चार भाषा कशाला? ते म्हणाले, कुणाच्या हातात पडंल सांगता येत न्हाई. आरसा पुण्याला नीट पोचला, थर चढला, आणि त्याच खोक्यातून परत निघाला. पुण्याहून लातूरला येणारा आमचा माल आधी लातूरला वळसा घालून नांदेडला जायचा आणि नांदेडच्या गोदामातून परत लातूरला यायचा. असं का, हे मला कधी कुणी सांगितलं नाही.

खोकं आलं त्या दिवशी टेम्पोत माल बराच होता. मी सगळं उतरवून घेतलं आणि चाचांना निरोप पाठवला. ते पुढच्या दारानं आले, सही केली आणि काउंटरवरच खोकं उघडलं. वरचा नमदा काढला. खाली आरशाचे तीन तुकडे होते. खोक्याला बाहेरून फक्त एका कोपऱ्यावर चेपल्याची खूण होती.

चाचांनी तुकडे बोटानं जुळवून बघितले. ते बरोबर जुळत होते, पण त्याचा उपयोग नव्हता. मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी विचारलं, “साहेब, तक्रारीचा फॉर्म असतो का?”

त्या दिवशी मागच्या जिन्यानं कुणी आलं नाही. चहाही आला नाही. दुपारी दोनला छतातून आवाज नव्हता. तसा तो आरसा पुण्याला गेल्यापासूनच नव्हता, पण त्या दिवशी तो नाही हे मला दर पाच मिनिटांनी ऐकू येत होतं.

फॉर्म मुख्य ऑफिसला गेला. तिकडून मला विचारणा आली की माल लातूरला पोचला तेव्हा कोणत्या स्थितीत होता. मी लिहिलं, नांदेडहून आला तेव्हाच कोपरा चेपलेला होता. कोपरा चेपलेला मी चाचांच्या समोरच पहिल्यांदा बघितला होता. पण माल आमच्याकडं येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती, तेव्हा तो नांदेडलाच चेपला असणार, असं मी मनाशी धरलं. खरं सांगायचं तर मी फार विचार केलाच नाही. आठवड्यानं कळलं की नांदेडच्या गोदामात माल उचलणाऱ्या एका माणसाला घरी बसवलंय.

मला वाटलं, चाचांना बरं वाटेल. मी वर जाऊन सांगितलं. चाचांनी विचारलं, “त्यानंच आपटलं हे कुणी बघितलं?” मी म्हणालो, कुणी नाही. ते म्हणाले, “मग तो घरी कसा बसला?”

यानंतर चाचा रोज गिऱ्हाईक झाले. त्यांनी मूळ खोक्यासारखीच चार खोकी केली, तितक्याच वजनाची, तोच नमदा. आत आरशाऐवजी कंदिलाच्या काचा बसवल्या. लातुरात कंदील मिळत नाही, पण कंदिलाच्या काचा एका दुकानात अजून आहेत. पहिलं खोकं त्यांनी लातूरहून नांदेडला पाठवलं, घेणाऱ्याचं नाव स्वतःचंच. दुसऱ्या दिवशी एसटीनं नांदेडला गेले आणि तिथल्या गोदामाच्या खिडकीतून स्वतःच स्वतःचं पार्सल घेतलं. काच शाबूत होती. तिथूनच दुसरं खोकं त्यांनी लातूरला पाठवलं, परत स्वतःच्याच नावानं, आणि माझ्या काउंटरवर येऊन घेतलं. काच फुटलेली होती.

नांदेडला गेले तेव्हा ते त्या घरी बसवलेल्या माणसाकडंही जाऊन आले. हे त्यांनी मला घरमालक म्हणून सांगितलं, चहा देताना. त्या माणसाला त्यांनी पत्ता विचारत विचारत शोधून काढलं आणि म्हणाले, एक खोकं उचलून दाखव. त्यानं गुडघ्यात वाकून, छातीशी धरून उचललं आणि तसंच वाकून ठेवलं. चाचांनी आणखी दोनदा उचलायला लावलं. तिन्ही वेळा तसंच. त्याची बायको दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं, नव्या नोकरीची परीक्षा चालू आहे. चाचा म्हणाले, तेवढं एक मला बरं वाटलं न्हाई.

“मग टेम्पोवाला असंल,” मी म्हणालो.

“असंल,” चाचा म्हणाले. “बघून ठरवू.”

तिसऱ्या खोक्याच्या वेळी ते नांदेडहून टेम्पोतच बसून आले, ड्रायव्हरशेजारी. मला याची कल्पना नव्हती. टेम्पो दारात लागला तेव्हा मी आत फोनवर होतो. नंतर ड्रायव्हरनं सांगितलं, की चाचांनी रस्त्याच्या कडेला खोकं उघडून बघितलं, काच शाबूत होती, मग परत सुतळी बांधून त्यांनी ते बाकीच्या मालात ढकललं आणि त्याला म्हणाले, रोज उतरवतो तसं उतरव. मग पायरीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले.

मी बाहेर आलो, चाचांना बघून मान हलवली आणि माल आत घ्यायला लागलो. आलेलं प्रत्येक पार्सल काट्यावर ठेवून वजन टाकायचं असा आमचा नियम. आमचा काटा जरा अडकायचा. नुसतं ठेवलं तर आकडा हलायचा नाही. पाठवायच्या मालाला गिऱ्हाईक समोर असायचं, म्हणून तो मी हळू ठेवून काटा हातानं हलवायचो. आलेला माल थोडा वरून सोडला की धप्प आवाज व्हायचा आणि आकडा यायचा. चाचांनी घरमालक म्हणून एकदा सांगितलं होतं, बेटा, उघडून देतो. पण काट्याला कंपनीचं सील होतं. मी म्हणालो होतो, बाहेरच्या माणसानं हात लावलेला चालत नाही. तेव्हापासून मी पार्सलं वरून सोडत होतो. दोन वर्षं झाली होती. मला ते सोडतोय हेही कळत नव्हतं, शिंकताना डोळे मिटतात तसं ते व्हायचं.

एक खोकं, धप्प. दुसरं, धप्प. पाचवं, धप्प. चाचा खुर्चीवरून उठले. चपला काढून आत आले. पाचवं खोकं, त्यांचंच, काट्यावरून उचललं, काउंटरवर ठेवलं, सुतळी सोडली आणि नमदा बाजूला केला.

आत काय असणार हे मला सुतळी सुटायच्या आधी कळलं होतं.

चाचा काचेकडं बघत नव्हते. ते काट्याकडं बघत होते. मग माझ्याशी बोलले की स्वतःशी ते मला अजून ठरवता आलेलं नाही. “हा आवाज मी दोन वर्षं वरनं ऐकून राहिलो. मला वाटलं, दार हाय.” चाळीस वर्षं काट्यांत घालवलेल्या माणसाला त्याच्याच पायाखाली काट्यावर काय पडतंय ते ओळखू आलं नाही, याचं त्यांना आरशापेक्षा जास्त लागलेलं दिसत होतं. ते मला एक शब्द जरी बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते पुढच्या दारानं आले. हातात कागद होता. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, की आरसा नांदेडला फुटला नाही, टेम्पोतही फुटला नाही, तो लातूर शाखेत, वजनकाट्यावर वरून सोडल्यामुळं फुटला. खाली तीन खोक्यांचे निकाल. त्याखाली ‘आपटणाऱ्याचं नाव’ असं लिहून पुढं जागा मोकळी सोडलेली होती.

मी कागद दोनदा वाचला आणि म्हणालो, चाचा, हे तुम्हीच भरा ना.

“मी गिऱ्हाईक हाय,” ते म्हणाले. “गिऱ्हाइकाला ऑफिसातल्या माणसाचं नाव कसं माहीत असणार, साहेब?”

त्यांनी कागदाशेजारी पेन ठेवलं, बाहेर जाऊन खुर्चीवर बसले आणि रस्त्याकडं बघत राहिले. माझ्या डोक्यात बरंच काही येऊन गेलं. औशाला आई-वडील, नुकतीच ठरत असलेली सोयरीक, आणि कंपनीत माझ्यासारखे दहा जण रांगेत असलेले. काटा कंपनीचाच खराब होता, असंही एक मनात आलं, आणि ते खरंही होतं. पण त्या मोकळ्या जागेत काटा असं लिहिता येत नव्हतं. नांदेडचा तो माणूस मी बघितलेला नव्हता. तरी तो गुडघ्यात वाकून खोकं ठेवताना मला दिसायला लागला. मी माझं नाव लिहिलं. अक्षर जरा बिघडलं. वर माझ्या आधीच्या जबाबाबद्दल दोन ओळी जोडल्या, की मी न बघता लिहिलं होतं.

चाचा आत आले, नाव वाचलं, आणि स्पेलिंग बरोबर आहे का ते विचारलं.

पुढं काय झालं ते कंपनीच्या रीतीप्रमाणं झालं. दोन दिवसांनी चाचांच्या मोबाइलवर मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालेलं आहे. आरशाबद्दल त्यात काही नव्हतं. मला फोनवर बरंच ऐकून घ्यावं लागलं आणि माझी उमरीला बदली करण्यात आली. उमरीला आमची शाखा नव्हती. हे त्यांच्या लक्षात यायला महिना गेला, तोवर मी लातूरलाच काम करत होतो, आणि मग करतच राहिलो. नांदेडच्या माणसाला पंधरा दिवसांनी परत घेतलं. काटा तपासायला कंपनीचा मेकॅनिक आला. चाचा गिऱ्हाईक म्हणून काउंटरच्या अलीकडं हात पाठीमागं बांधून उभे राहिले. मेकॅनिकनं सील तोडलं, पारडं उचललं. खाली तुरीचा एक दाणा अडकला होता. त्यानं तो फुंकर मारून काढला. चाचांनी डोळे मिटून घेतले.

त्या दुपारी ते मागच्या जिन्यानं आले. कागद भरल्यापासून पहिल्यांदाच. हातात चहा होता. म्हणाले, “बेटा, दोन वाजता वर ये. एकट्यानं पिंपाभोवती फिरायचं माझं वय ऱ्हायलं न्हाई.”

दुसरा आरसा आम्ही दोघांनी घासला. दोन ते चार शटर अर्धं ओढून मी वर जायचो. सुरुवातीला मला फक्त चालायला दिलं, काच न धरता. सात-आठ दिवस मी रिकाम्या हातानं पिंपाभोवती फिरलो. चाचा खुर्चीवर बसून माझ्या पावलांकडं बघायचे. मग काच हातात दिली. जोर लावायचा नाही, काचेचं वजनच काम करतं, हे त्यांनी एकदाच सांगितलं. त्यानंतर जोर लागला की ते बोलायचे नाहीत, नुसते खाकरायचे. पहिल्या महिन्यात ते फार खाकरले. चाची उन्हाळ्यात आम्हाला ताक आणून द्यायच्या. माझ्याकडं बघून एकदा म्हणाल्या, “आता जोडी झाली.” त्यांनी बैल हा शब्द वापरला नाही.

फुटलेल्या आरशाबद्दल चाचा कधी बोलले नाहीत. मीच एकदा माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, काच सुकून राहिली, पाणी टाक.

पावसाळा संपता संपता आरसा तयार झाला. आता पुण्याला न्यायचा प्रश्न. मी म्हणालो, मी रजा काढतो, मांडीवर घेऊन जातो आणि मांडीवर घेऊन येतो. चाचींचंही तेच मत होतं. चाचा ऐकेनात. ते पुढच्या दारानं आले आणि चौथं खोकं काउंटरवर ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की सगळ्या लातूर जिल्ह्यात तपासून खात्री केलेला रस्ता हा एकच आहे, आणि तपासल्यावरही विश्वास ठेवायचा नसेल तर तपासायचं कशाला?

तेरा दिवस मी नीट जेवलो नाही. चौदाव्या दिवशी आरसा आला. नांदेडच्या त्या माणसानं खोक्यावर पाचव्यांदा ‘काच’ लिहिलं होतं, तेलुगूत. त्याची बायको तिकडची होती, तिनं सांगितलं म्हणे. आरसा शाबूत होता.

दुर्बीण शाळेला द्यायच्या आधी चाचांनी ती गच्चीवर लावली. दिवस मावळायचा होता, आकाश अजून निळं होतं आणि अर्धा चंद्र डाळमिलच्या धुराड्यावर आलेला होता. चाचांनी चष्मा काढला, डोळा लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. मग बाजूला होऊन मला बोट दाखवलं.

मी बघितलं. इतकं स्पष्ट काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं. अंधाराच्या कडेजवळ खड्डे, खड्ड्यांत लहान खड्डे, त्यांच्या कडांच्या सावल्या. त्या भागात कुठं बोटभर जागा सपाट नव्हती. मी म्हणालो, “चाचा, हा तर सगळा ठोकून ठोकून चेपलाय.”

“चेपणारच,” चाचा म्हणाले. “आपल्यावर हवेचं पांघरूण हाय, वरनं येणारं बरंचसं त्यात जळून जातं. त्याच्यावर काहीच न्हाई. बिगर पॅकिंगचा माल हाय तो. जे येतं ते थेट आपटतं.”

मी पुन्हा डोळा लावला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुर्बिणीला धक्का लागू नये म्हणून तो लगेच काढून घेतला.